डिस्क वेगवान आहे, तरी अडखळते कशी?

ताई, नमस्कार.

मी घरातल्याच एका खोलीत छोट्या बँडचं रेकॉर्डिंग करतो. विंडोजचा लॅपटॉप आहे, त्यात ५१२ जीबीची एसएसडी आहे. माइक लॅपटॉपला जोडणारा ऑडिओ इंटरफेस १६ इनपुटचा आहे आणि सगळी सेशन्स २ टीबीच्या एका पोर्टेबल यूएसबी हार्ड डिस्कवर ठेवतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सोळा ट्रॅक एकदम घेताना काही त्रास होत नाही. पण ओव्हरडब करत करत, म्हणजे आधीचे ट्रॅक ऐकत नवे चढवत, गाणं चाळीस ट्रॅकपर्यंत गेलं की सॉफ्टवेअर मध्येच थांबतं आणि डिस्क पुरी पडत नाही असं सांगतं. खोक्यावर तर १३० एमबी प्रति सेकंद लिहिलंय! एक मित्र म्हणतो, दोन डिस्क जोडून रेड शून्य कर. दुसरा म्हणतो, सगळ्यात वेगवान एनव्हीएमई प्रकारची एसएसडी घे आणि मोकळा हो. तिसरा म्हणतो, काही घेऊ नकोस, आहे त्याच डिस्कचे दोन भाग पाड. खर्च एकदाच करता येईल, म्हणून विचारतोय.

आणखी एक. गेल्या आठवड्यात रेकॉर्डिंग चालू असताना डिस्कची केबल हलली आणि चाळीस मिनिटांचा अख्खा टेक गेला. फोल्डरमध्ये सोळा फाईल्स दिसतात, प्रत्येकी ३३० एमबीच्या आसपास, पण उघडल्या की लांबी शून्य सेकंद. ड्रमवाल्याने तेव्हापासून विषय काढलेला नाही, पण त्याच्या मनात काय आहे ते मला कळतं.

– एक वाचक

नमस्कार.

कोणती डिस्क घ्यायची ते नंतर बघू. आधी तो टेक.

त्या डिस्कवर आता काहीही लिहू नका. नवं रेकॉर्डिंग नको, जुन्या फाईल्स इकडच्या तिकडे करणं नको, आणि डिस्क लावल्यावर विंडोज ‘दुरुस्त करू का’ असं विचारेल त्याला तूर्तास नाही म्हणा. त्या सोळा फाईल्स लॅपटॉपच्या एसएसडीवर कॉपी करून घ्या. पुढचं सगळं त्या कॉपीवर करायचं.

आता तुमच्याच पत्रातला आकडा बघा. ४८ किलोहर्ट्झला एका ट्रॅकचे सेकंदाला ४८,००० नमुने, २४ बिटचा प्रत्येक नमुना ३ बाइटचा, म्हणजे सेकंदाला १,४४,००० बाइट. चाळीस मिनिटं म्हणजे २,४०० सेकंद. गुणाकार केला की ३४ कोटी ५६ लाख बाइट येतात. विंडोज १०,४८,५७६ बाइटला एक एमबी म्हणतं, त्या हिशेबाने ३२९.६ एमबी. तुम्ही लिहिलंय ३३०. काही सॉफ्टवेअर आधीच जागा अडवून ठेवतात, म्हणून छातीठोक सांगत नाही, पण आकडा इतका जुळतोय की तुमचा टेक त्या फाईल्समध्ये पडून असणार, असंच मला वाटतं.

मग लांबी शून्य का दिसते? डब्ल्यूएव्ही फाईलच्या डोक्यावर एक छोटी पट्टी असते, हेडर. पुढे किती बाइट आवाज आहे ते तिच्यात लिहिलेलं असतं. बरीच सॉफ्टवेअर हा आकडा रेकॉर्डिंग थांबवल्यावर भरतात. तुमची केबल त्याआधीच निघाली. आवाज लिहिला गेला, आकडा राहून गेला. फाईल उघडणारं सॉफ्टवेअर आकडा वाचतं, शून्य दिसतं, आणि पुढे बघतच नाही.

तेव्हा त्याला हेडर वाचायलाच लावायचं नाही. ऑडॅसिटी फुकट मिळतं, त्यात इम्पोर्टच्या खाली ‘रॉ डेटा’ असा पर्याय आहे. तिथे भरा: साइन्ड २४ बिट पीसीएम, लिटल एंडियन, एक चॅनल, ४८,००० हर्ट्झ, आणि सुरुवातीचा ऑफसेट ४४ बाइट, कारण साधं हेडर तेवढंच असतं. आवाज आला तर झालं. नुसता कानठळ्या बसवणारा खरखराट आला (व्हॉल्यूम आधी कमी ठेवा, हेडफोन लावू नका) तर घाबरू नका. तुमच्या सॉफ्टवेअरचं हेडर मोठं असणार आणि तीन-तीन बाइटची जोडणी एक-दोन घरं सरकलेली असणार. ४५ करून बघा, मग ४६. नमुना तीन बाइटचा आहे, त्यामुळे या तिघांपैकी एक लागायलाच हवा. सुरुवातीला एखादी टिचकी ऐकू येईल, ती हेडरची. शेवटी सगळे ट्रॅक एकत्र लावून एकाच जागी कापा. आणि जो ऑफसेट लागेल तोच सोळाही फाईल्सना द्या, नाहीतर ट्रॅक एकमेकांपासून सरकण्याचा धोका राहतो. किक (पायाने वाजतो तो ड्रम) आणि ओव्हरहेड (ड्रमच्या वर लावलेले) माइक आपापल्या जागी बसलेले दिसले की समजा जमलं.

आता अडखळण्याकडे येते.

तुमचे चाळीस ट्रॅक मिळून सेकंदाला ५७ लाख ६० हजार बाइट मागतात, म्हणजे पावणेसहा एमबी. खोक्यावर १३०. बावीसपट जास्त क्षमता असूनही डिस्क दमते, यात खोक्याची लबाडी नाही. तो आकडा एकच मोठी फाईल सलग वाचण्याचा आहे. तुमच्या गाण्यात चाळीस फाईल्स आहेत आणि त्या डिस्कच्या चाळीस वेगवेगळ्या जागी आहेत.

हार्ड डिस्कच्या आत एक फिरती तबकडी आणि तिच्यावर सरकणारं हेड, एवढंच मुख्य यंत्र. छोट्या पोर्टेबल डिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेतात. एक फेरा ११.१ मिलिसेकंदांचा. हेडला नव्या जागी पोचायला सुमारे १२ मिलिसेकंद, आणि पोचल्यावर हवा तो तुकडा खाली येईपर्यंत सरासरी अर्ध्या फेऱ्याची वाट, म्हणजे साडेपाच. एका फाईलवरून दुसऱ्या फाईलवर जायचं तर साडेसतरा मिलिसेकंद गेलेच. अशा उड्या सेकंदाला जेमतेम ५७ होतात.

समजा तुमचं सॉफ्टवेअर दर उडीत ६४ केबी उचलतं. एका ट्रॅकला ते अर्ध्या सेकंदाहूनही कमी पुरतात. पावणेसहा एमबी भरायला सेकंदाला ८८ उड्या लागतात आणि डिस्क ५७च्या वर जाऊ शकत नाही. सॉफ्टवेअर थांबणारच. तेच एका उडीत २५६ केबी उचलले तर सेकंदाला २२ उड्या पुरतात, आणि हीच डिस्क सेकंदातला अर्ध्याहून जास्त वेळ रिकामी राहते.

म्हणून खर्च करायच्या आधी सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये डिस्क बफर किंवा डिस्क कॅश अशा नावाचं काही आहे का ते शोधा आणि वाढवा. इंटरफेसचा बफर वेगळा, तो १२८ किंवा २५६ सॅम्पलचा, म्हणजे नमुन्यांचा, असतो आणि त्याचा संबंध गाणाऱ्याला हेडफोनमध्ये ऐकू येणाऱ्या उशिराशी. डिस्कचा बफर वाढवल्याने तो उशीर वाढत नाही. फार तर प्ले दाबल्यावर गाणं सुरू व्हायला क्षणभर जास्त लागेल. या दोघांची गल्लत मी अनुभवी माणसांकडूनही झालेली पाहिली आहे.

दुसरं, तुमचे ट्रॅक तुकड्यातुकड्यांचे आहेत का ते बघा. पाच टेकमधून निवडून जोडलेला एक गायनाचा ट्रॅक म्हणजे वीस-तीस तुकडे, आणि प्रत्येक क्रॉसफेडला, म्हणजे एक तुकडा दुसऱ्यात मिसळतो त्या सांध्याला, दोन फाईल्स एकदम वाचायच्या. स्क्रीनवर चाळीस ट्रॅक दिसतात, डिस्कला मात्र त्याहून कितीतरी जास्त उड्या माराव्या लागतात. निवड पक्की झाली की ते तुकडे जोडून एक सलग फाईल करून घ्या, मूळ तुकडे बाजूला राहू द्या. सोळा ट्रॅक घेताना त्रास का होत नाही, याचं उत्तरही इथेच आहे. तेव्हा फक्त लिहायचं असतं, आणि लिहिणं मोठ्या घासांत होतं. ओव्हरडबला एकीकडे वाचायचं, त्याच वेळी दुसरीकडे लिहायचं, आणि हेड बिचारं एकच.

तुमच्या डिस्कबद्दल आणखी एक दाट शंका आहे. अलीकडच्या या आकाराच्या पोर्टेबल डिस्क बहुतेक एसएमआर प्रकारच्या असतात. कौलारू छप्पर डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक कौल खालच्या कौलावर थोडं चढलेलं असतं, म्हणून कमी जागेत जास्त कौलं बसतात. पण मधलं एक बदलायचं तर वरची उचलावी लागतात. एसएमआर डिस्कवर माहितीच्या पट्ट्या अशाच एकमेकींवर चढवलेल्या असतात. सलग लिहीत गेलं तर ठीक. मधेच काही बदलायची वेळ आली की आजूबाजूचा पट्टा वाचून पुन्हा लिहावा लागतो. डिस्क हे काम आधी एका राखीव कोपऱ्यात साठवून ठेवते आणि सवड मिळाल्यावर उरकते. सवड मिळालीच नाही आणि कोपरा भरला, की ती काही सेकंद जवळपास ठप्प होते. सरासरी वेग छान, आणि नेमका तिसऱ्या अंतऱ्याला दगा. २०२० मध्ये तर असं उघड झालं की नेटवर्क स्टोरेजसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कही, कुठे न लिहिता, एसएमआर होत्या. म्हणून कामाची हार्ड डिस्क घेताना मॉडेल नंबरावरून ती सीएमआर (पट्ट्या एकमेकींवर न चढवणारी) आहे का ते निर्मात्याच्या माहितीपत्रकात बघायचंच.

हा प्रश्न आजचा नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला डिस्कवर ऑडिओ घेऊ लागले तेव्हा डिस्क तापमानाप्रमाणे स्वतःला जुळवून घ्यायला मधूनच क्षणभर थांबत, आणि त्या क्षणी आवाज तुटे. मग ते थांबणं टाळणाऱ्या खास ‘एव्ही’ डिस्क निघाल्या. तेव्हाही मागणी हीच होती की सेकंदाला थोडंच दे, पण प्रत्येक सेकंदाला दे.

आता मित्रांचे सल्ले.

दोन भाग पाडू नका. हेड एकच राहतं, आणि एका भागातून वाचून दुसऱ्या भागात लिहायचं तर त्याचा प्रवास उलट वाढतो.

रेड शून्यात प्रत्येक फाईलचे तुकडे दोन डिस्कवर वाटले जातात. सलग वाचायचा वेग जवळजवळ दुप्पट होतो, पण एका उडीला लागणारा वेळ तसाच राहतो, आणि तुमचं दुखणं ते आहे. शिवाय दोहोंपैकी कोणतीही एक डिस्क गेली की सगळं गेलं. आजच्या एसएसडीपुढे या खटाटोपाला अर्थ राहिलेला नाही. रेड एक, म्हणजे एकाच वेळी दोन डिस्कवर तेच लिहिणं, त्याला मात्र मी मान देते. जाहीर कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग, जिथे ‘पुन्हा घेऊ या’ म्हणता येत नाही, तिथे ते हवंच. पण त्याला बॅकअप समजू नका. चुकून एक फोल्डर पुसलात तर तो त्याच क्षणी दोन्हीकडून पुसला जातो.

एनव्हीएमई सुचवणारा मित्र दिशेने बरोबर आहे. एसएसडीत हेड नाही, तबकडी नाही. एका उडीला मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा लागतो. तुमच्या त्या ८८ उड्या सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात उरकतील. पण त्यासाठी सगळ्यात वेगवान एसएसडी लागत नाही. जुन्या साटा जोडणीची साधी एसएसडीदेखील सेकंदाला ५०० एमबीच्या वर देते, आणि तुम्हाला हवेत सहा. साडेतीन हजार देणारी घेतलीत तर रेकॉर्डिंगमध्ये काही फरक कळणार नाही. मोठी सॅम्पल लायब्ररी (वाद्यांच्या आधीच रेकॉर्ड केलेल्या आवाजांचा संग्रह) उघडताना कळेल, आणि तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचं काम माइकवरचं जास्त आहे. जमल्यास टीएलसी प्रकारची (एका पेशीत तीन बिट साठवणारी) घ्या. चार बिट साठवणारी क्यूएलसी स्वस्त पडते, पण तिची कॅश भरली की वेग एकदम पडतो. रेकॉर्डिंगला तो पडलेला वेगही पुरतो, मात्र शंभर-दोनशे जीबी कॉपी करताना जीव मेटाकुटीला येतो.

‘एसएसडी लिहून लिहून झिजते’ हेही कुणीतरी सांगेलच. १ टीबीच्या बऱ्याच टीएलसी एसएसडींवर ६०० टीबी लिहिण्याची हमी असते. सोळा ट्रॅक तासाला ८.३ जीबी लिहितात. म्हणजे ७२,००० तास. रोज आठ तास न चुकता रेकॉर्डिंग केलंत तरी चोवीस वर्षं. ही काळजी सोडून द्या.

तर मी तुमच्या जागी असते तर काय घेतलं असतं?

लॅपटॉपची आतली एसएसडी सिस्टीम आणि सॉफ्टवेअरसाठी. चालू सेशन्ससाठी १ टीबीची एक बाहेरची एसएसडी, आणि तिच्यावर दुसरं काही नाही. पाच मिनिटांच्या गाण्याचे सोळा ट्रॅकचे सहा टेक घेतले तर चार जीबीहून थोडे जास्त होतात, ओव्हरडब धरून दहा जीबी म्हणू. चाळीस गाणी चालू असली तरी ४०० जीबी. पाचवा हिस्सा कायम रिकामा ठेवूनही जागा उरते. आणि दोन मोठ्या, साध्या हार्ड डिस्क बॅकअपसाठी. त्यांना वेग लागत नाही, एसएमआर असल्या तरी चालतं.

पण या सगळ्यासाठी पैसे पुरत नसतील, तर माझं उत्तर स्पष्ट आहे: बाहेरची एसएसडी पुढे ढकला, बॅकअपची डिस्क पुढे ढकलू नका. सिस्टीमच्या डिस्कवर कधी रेकॉर्ड करू नये हा नियम तुम्ही ऐकला असेल. तो फिरत्या डिस्कच्या काळातला आहे, एकच हेड सिस्टीम आणि सोळा ट्रॅक दोन्हीकडे धावत असे तेव्हाचा. आतल्या एसएसडीवर आजपासून रेकॉर्डिंग सुरू करा, चाळीस ट्रॅक ती सहज वाजवेल. ५१२ जीबीत जागेची ओढाताण होईल, संपलेली गाणी वेळच्या वेळी हलवावी लागतील. तेवढा त्रास परवडतो.

हे इतकं ठासून सांगण्याचं कारण माझ्याकडे आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गायिकेचं रेकॉर्डिंग करत होते. दिवसभर काही ना काही अडत होतं, आणि संध्याकाळी, सगळे दमलेले असताना, तिने एक टेक दिला. तो संपल्यावर खोलीत कुणी बोललं नाही. मी रात्री लॅपटॉप रिकामा करायचा म्हणून सेशनचं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर हलवलं. कॉपी केलं नाही, हलवलं. सकाळी ती डिस्क लावली तर नुसता टक टक आवाज. डिस्क जेमतेम वर्षाची होती. गायिका पुन्हा आली, पुन्हा गायली, सुरात गायली, रेकॉर्ड तीच निघाली आणि लोकांना आवडलीही. पण आदल्या दिवशी काय होतं ते आम्हा दोघींना माहीत होतं. तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही. तुमच्या ड्रमवाल्याबद्दल वाचलं तेव्हा तीच आठवली.

तेव्हापासून मी ‘कट’ वापरत नाही. कॉपी करते, बॅकअपवरची कॉपी सॉफ्टवेअरमध्ये उघडते, मधूनच दहा सेकंद ऐकते, आणि ती दोन ठिकाणी आहे याची खात्री पटल्यावरच मूळ जागा मोकळी करते. सोबतची मंडळी वायरी गुंडाळत असतात तेवढ्यात पहिली कॉपी होते. साधं यूएसबी २ प्रत्यक्षात सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास देतं, तिथे १०० जीबीला पाऊण तासाहून जास्त लागतो. यूएसबी ३ वर एसएसडीहून एसएसडीला चार-पाच मिनिटं. यूएसबी ३चा खरा उपयोग इथे आहे, कारण वाजवायला तर यूएसबी २ही पुरतं. दुसरी कॉपी आठवड्याला, आणि ती डिस्क दुसऱ्या घरी ठेवायची. बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवायची, कायम लावून ठेवली तर विजेचा एकच झटका दोघींना पुरतो.

पूर्ण झालेली कामं वर्षानुवर्षं ठेवायला हार्ड डिस्कच बरी. एसएसडीत माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वीज न लावता कपाटात पडून राहिली तर तो भार हळूहळू झिरपतो. हार्ड डिस्कही विसरून जाऊ नका. सहा महिन्यांनी एकदा लावा, काही फाईल्स उघडा, आणि स्मार्टच्या नोंदीत, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत, ‘रिअॅलोकेटेड’ (खराब म्हणून बदललेल्या) आणि ‘पेंडिंग’ (संशयित) सेक्टरचे आकडे बघा. ते वाढत असतील तर त्याच दिवशी दुसरीकडे उतरवून घ्या. तुमच्या आत्ताच्या डिस्कचेही हे आकडे तपासा. चांगले असतील तर ती तिसरी कॉपी म्हणून कामाला येईल.

केबलचं बोलायलाच हवं, तुमचा टेक तिथेच गेला. बऱ्याच पोर्टेबल डिस्कना ते रुंद, चपटं मायक्रो-बी सॉकेट असतं. ते वापराने सैल होतं आणि कोपर लागलं तरी संपर्क सुटतो. आखूड केबल घ्या, आणि डिस्क व केबल दोन्ही टेबलाला टेपने चिकटवा. दिसायला कसं दिसतं याचा विचार करू नका. डिस्क आणि इंटरफेस एकाच हबवर नकोत, दोघांना लॅपटॉपची स्वतंत्र पोर्ट द्या. डिस्क कोणत्या पद्धतीने फॉरमॅट आहे तेही बघा. एक्सफॅट सगळीकडे चालतं म्हणून सोयीचं, पण त्यात जर्नल (चालू बदलांची नोंदवही) नसतं, त्यामुळे अशी अचानक केबल निघाली तर फाईल्सची यादीच विस्कटू शकते. तुमचं सगळं काम विंडोजवर आहे, तेव्हा एनटीएफएस ठेवा. पॉवर सेटिंगमध्ये डिस्क आणि यूएसबी दोन्हींचं झोपी जाणं बंद करा. सेशनचं फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून आणि विंडोजच्या शोध-सूचीतून वगळा, आणि ते क्लाउडशी आपोआप जुळणाऱ्या फोल्डरमध्ये मुळीच नको.

फिरती डिस्क वापरत असाल तोवर ती स्पीकरच्या टेबलावर किंवा ड्रमजवळ जमिनीवर ठेवू नका. २००८ मध्ये ब्रेंडन ग्रेग या अभियंत्याने डेटा सेंटरमधल्या डिस्कच्या तोंडावर जोरात ओरडून दाखवलं होतं, आणि त्या क्षणी डिस्कचा प्रतिसाद मंदावल्याचं आलेखात स्पष्ट दिसलं. माणसाच्या ओरडण्याने हे होतं, तर किक ड्रमशेजारी काय होत असेल!

नमुन्यांचा दर ४८वरून ९६ किलोहर्ट्झला नेलात तर वरचे सगळे बाइटचे आकडे दुप्पट धरा, ३२ बिट फ्लोटला एक तृतीयांशाने वाढवा. सोळाही चॅनल एकाच डब्ल्यूएव्ही फाईलमध्ये लिहिणारं रेकॉर्डर कधी वापरलंत तर ४ जीबीची मर्यादा लक्षात ठेवा: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला ती ३१ मिनिटांत गाठली जाते, आणि तुमचे टेक चाळीस मिनिटांचे असतात. तिथे आरएफ६४ हा फाईलचा प्रकार निवडा. वेगवेगळ्या मोनो फाईल्सना ही मर्यादा आठ तासांनंतर लागते, त्यामुळे सध्या काळजी नाही.

खरेदीला आठवडाभर थांबलात तरी चालेल, बफर वाढवून तेवढं निभेल. त्या सोळा फाईल्सची कॉपी मात्र आजच करा. किक ड्रमच्या ट्रॅकपासून सुरुवात करा, तो लगेच ओळखू येतो. ४४, ४५ की ४६, कोणत्या आकड्यावर तो वाजला ते मला कळवा, आणि मला कळवायच्या आधी तुमच्या ड्रमवाल्याला फोन करा.